ट्रकच्या बॉनेटवरचं कुंकू

आमच्या लातूरच्या घरी बाहेरच्या खोलीत काचेचं एक कपाट आहे. त्यात लष्करी गाड्या आहेत, खेळण्यातल्या, पण जुन्या. पत्र्याच्या जीप, शिशाचे रणगाडे, चावीवर पळणाऱ्या तोफगाड्या. या कपाटाला कुणी हात लावलेला मला खपत नाही. पाहुण्यांनाही तोंडावर सांगतो, "लांबून बघा." बायको म्हणते, "अहो, देवालासुद्धा एवढं सोवळं नसतं." म्हणू दे. नांदेडच्या जुन्या बाजारात, औशाच्या भंगारवाल्याकडे, कुणाकुणाच्या माळ्यावर उन्हातान्हाचा फिरून जमवलंय मी हे. कुठल्या जीपचं चाक मागाहून बसवलंय, कुठल्या रणगाड्याची नळी डाग देऊन चिकटवलीय, विचारा, डोळे मिटून सांगतो.

या वेडाचं मूळ एका ट्रकात आहे. मी शाळेत होतो तेव्हा थोरला भाऊ फौजेत ड्रायव्हर म्हणून भरती झाला. पहिल्या सुट्टीला मुदखेडजवळच्या आमच्या गावी आला तो छावणीच्या बाजारातून माझ्यासाठी एक जुना ट्रक घेऊनच. पत्र्याचा, हिरवागार. चावी दिली की घर्रर्र करत ओसरीभर पळायचा. शेजारपाजारची पोरं बघायला यायची आणि मी कुणाला हात लावू द्यायचो नाही. तेव्हापासूनच तसला मी.

मग दसरा आला. खंडेनवमीला आमच्याकडे नांगर, कुऱ्हाड, सायकल, घरात असेल ते हत्यार आणि वाहन धुऊन पुजतात. त्या वर्षी मायनं माझा ट्रकही मागून घेतला. बॉनेटवर हळद लावली, कुंकवाचं बोट ओढलं, झेंडूचं फूल ठेवलं. म्हणाली, "त्याच्या गाडीला तिकडं कोण कुंकू लावतंय? हितं लावलं की तिकडं पोचतंय." आणि ट्रक देवाजवळच्या कोनाड्यात ठेवला तो कायमचाच. मी रडून गाव गोळा केलं. ती म्हणाली, "लई रडून राहिलास! त्यो तिकडं डोंगरात गाडी चालवून राहिला, आन् तुला खेळायचं सुचतंय?"

तो ट्रक मिळाला नाही म्हणून मी बाकीचे जमवत गेलो, असं आता वाटतं.

माय दरसाल त्या ट्रकला कुंकू लावायची. जुनं पुसायची नाही, जुन्यावरच नवं. पुढं घरात फोन आला तेव्हा दसऱ्याला दादाला सांगायची, "तुझ्या गाडीला लावलंय बरं का. दमानं चालव." तिकडून दादा म्हणायचा, "पोचलं, माय." उभ्या नोकरीत त्याला एकदाही दसऱ्याला सुट्टी मिळाली नाही.

माय गेली ती थंडीत. तिकडं बर्फानं रस्ता बंद. दादा पोचला पाचव्या दिवशी. राख सावडून झाली होती. अंगणात बूट न काढताच उभा राहिला आणि म्हणाला, "मला माय दिसली न्हाई रं." एवढंच. क्रियाकर्म उरकून परत गेला.

गावच्या घराला कुलूप लागलं आणि ट्रक मी लातूरला आणला. खरं सांगतो, मला आनंद झाला होता. माय गेल्याच्या दुःखात असला आनंद मिसळला होता, याची आज लाज वाटते.

आम्हा जमवणाऱ्यांचा एक नियम असतो. जुना रंग खरवडायचा नाही, वर नवा द्यायचा नाही. पण मळ काढायचा. एका सुट्टीच्या दुपारी मी रॉकेल, कापूस आणि मऊ ब्रश घेऊन बसलो. बॉनेटवर तो जाड, काळपट लाल थर. चिकाटीनं काढला. कापसाचे बोळे लाल होत गेले आणि खाली हिरवा रंग निघाला, अगदी कोरा! मी हरखून बायकोला हाक मारली. ती कणकेच्या हातानं दारात आली, बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, मायचं कुंकू पुसलंत?"

मी खेकसलो, "कुंकू कसलं? घाण होती ती."

हा शब्द माझ्या तोंडून गेला. जीभ झडायला हवी होती. फोटोही मी साफ केल्यानंतरच काढतो, त्यामुळं आधीचा फोटो नाही.

गेल्या साली दादा निवृत्त झाला. नांदेडला रेल्वेतून उतरला आणि गावाकडं न जाता एसटीनं थेट माझ्याकडं आला. हातपाय धुतले. चहा समोर ठेवला तर कप बाजूला सारला. "आधी ट्रक दाखव. मायचं बोट बघायचंय मला. त्येवढंच राहिलंय तिचं."

कपाट उघडून ट्रक त्याच्या हातात दिला. त्यानं चष्मा लावला, खिडकीपाशी उजेडात गेला, ट्रक इकडून तिकडून फिरवला.

"ह्योच हाय का?"

"हाव."

"मग?"

"मी साफ केला, दादा."

वाटलं, मुस्काटात देईल. द्यायला हवी होती. तो ट्रक मांडीवर घेऊन खुर्चीत बसला आणि म्हणाला, "रंग चांगला निघालाय." मग बॉनेटवरून अंगठा फिरवत विचारलं, "कुठं लावायची रं? मधोमध, का डाव्या अंगाला? फोनवर नुसतं लावलंय म्हणायची. मी दसऱ्याला कधी घरी नव्हतोच ना. सुट्टीत आलो तरी त्या कोनाड्यात अंधार, कधी निरखून बघितलंच न्हाई."

मी होतो. दर दसऱ्याला मी तिथं होतो. पुढं तो थर माझ्याच हातानं काढला, दुपारभर, नाकाजवळ धरून. सगळ्या गाड्यांचा खिळा न् खिळा सांगणारा मी, बॉनेटकडं बघत राहिलो. मला काही म्हणजे काही आठवेना.

"मधोमध," मी म्हणालो.

दादानं तिथं बोट ठेवलं आणि डोळे मिटले.