वर्षानंतरचं माप

शहाद्यात कोणाचं अंग किती सुटलं, हे डॉक्टरांच्या आधी सलीमाला कळतं. पेठेमागच्या गल्लीत ती सव्वीस वर्षं ब्लाऊज आणि पंजाबी ड्रेस शिवते आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाची छाती, कमर, दंड तिच्या वहीत तारखेसकट लिहिलेले आहेत. दवाखान्यात बायका पोट आत ओढून उभ्या राहतात. सलीमापुढे तसं केलं तर ब्लाऊज बसणार नाही, म्हणून तिच्यापुढे त्या खऱ्या असतात.

गेल्या जानेवारीत नंदुरबारच्या हृदयरोगाच्या डॉक्टरांनी तिलाच मोजलं. चालायच्या मशीनवर पाच मिनिटांत तिला धाप लागली आणि आलेखात थोडा बिघाड निघाला. गोळ्या सुरू झाल्या.

"वजन उतरवा, कमरेचा घेर उतरवा," डॉक्टर म्हणाले. "चार महिन्यांनी परत चालवून बघू. तेव्हाही असंच निघालं तर अँजिओग्राफी, आणि बहुतेक स्टेंट."

वय एकावन्न, कमर चाळीस इंच. "खाऊ काय?" तिने विचारलं.

"हलकं."

हलकं म्हणजे किती, हे अजून कुठल्या शास्त्राने मोजलेलं नाही. ते काम मग गावाने अंगावर घेतलं.

कॉलेजात शिकवणारी रुपा पहिल्याच आठवड्यात आली. "आपा, किटो करा. भाकरी बंद, पोळी बंद. पनीर, अंडी, तूप. माझे तीन महिन्यांत चार इंच गेले." अंगणवाडीतल्या कमलबाईने पावडरीचा डबाच आणला. "रातले जेवानं नही, आपा. हाई घोयीसन पी ल्या." धाकटी नणंद हुमा रोज सोळा तास उपाशी राहण्याच्या पक्षाची.

"तीस रोजे तो रखते अपन," सलीमा तिला म्हणाली. "ईद के कपडे ढीले होते क्या तंग?"

इफ्तारीच्या भज्यांचा विषय निघायच्या आत हुमाने चहा मागितला.

मुलगी अर्शिया मोबाइलवर वाचून सांगू लागली, "अम्मी, दिल के लिए सब से अच्छा भूमध्य समुद्रवालों का खाना."

"क्या खाते वो लोग?"

"दाल, चने, भाजी, फल, मोटा अनाज, मछली. गोश्त कम. तेल जैतून का."

"मतलब अपनी सिंधुबाई का खाना. तेल छोड के."

सिंधुबाई ब्राह्मणपुरी गावची, सत्तरी ओलांडलेली जुनी गिऱ्हाईक, तिच्या शेताला पाणी विहिरीचं. तिथून समुद्र कुठल्याच बाजूला दिसत नाही.

सलीमाने वही काढली. तिचा नियम एकच होता: तीन महिन्यांचं माप धरायचं नाही, वर्षानंतरचं धरायचं. रुपाचे चार इंच गेले होते, हे खरं होतं. पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पाच परत आले होते, हेही वहीत होतं. रुपाने तेवढं सांगितलं नव्हतं. कमलबाई बारीक झाली होती, पण दंडात दीड इंच आणि कमरेत जेमतेम पाव. "पावडरने हाथ खा लिए, पेट रख दिया," सलीमा म्हणाली. सिंधुबाई अकरा वर्षांपूर्वी छातीत कळ येऊन दवाखान्यात राहिली होती. त्या वर्षी कमर अडतीस. पुढच्या वर्षी साडेपस्तीस, आणि तेव्हापासून दर वर्षी साडेपस्तीसच.

म्हातारी नातीच्या लग्नाचं ब्लाऊज टाकायला आली, तेव्हा सलीमाने तिला धरलंच. "माय, तू रोज जेवाले काय खास?"

"काय खासू? दादरनी भाकर, दाय, पालानी भाजी. तेल मन्ही सून चमच्यानी मोजस, तिन्हं तोंड काळं व्हवो! आनि वावरमा पायी जास. डायेट-फियेट मले काय माहीत, व माय?"

मग सलीमाने वहीचं शेवटचं पान उघडलं. त्यावर 'घरचे' असं लिहिलेलं. तिची स्वतःची कमर आधी कित्येक वर्षं चौतीस, त्यानंतर पस्तीस, सदतीस, अडतीस, चाळीस. पस्तीस झाली त्या साली घरात काय घडलं होतं, ते आठवायला तिला वेळ लागला नाही. तिचा नवरा बशीर शेतकऱ्यांच्या पंपाच्या जळालेल्या मोटरी नवी तार गुंडाळून भरून देतो. त्या साली त्याने मोठ्या प्रेमाने तिच्या शिलाई मशीनला मोटर बसवली होती. वीस वर्षं पॅडल मारणाऱ्या पायांना त्या दिवसापासून सुट्टी.

"निकालो इसको," ती म्हणाली.

बशीरच्या हातातली तांब्याची तार तशीच राहिली. "दिल का मरीज पैर मारेगा? और लोग क्या बोलेंगे, मोटरवाले की बीवी पैर से मशीन चलाती?"

"बोलने दो. सबकी कमर मेरे पास लिखी है."

तिने डॉक्टरांना फोन लावला. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर लगेच थांबा, बाकी पॅडल मारायला हरकत नाही. पण तेवढ्यावर भागणार नाही, रोज अर्धा तास चालायचंच, असं उत्तर आलं. बशीर दोन दिवस कामात होता. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच पाना घेऊन मोटर उतरवली.

घरात दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी आली, तेल निम्म्यावर आलं. शेव-फरसाण बंद झालं, मटण पंधरा दिवसांतून एकदा. पहाटे ती डोंगरगाव रस्त्याने चालायला जायची. भेटेल तो विचारायचा, "आपा, कुठे निघाल्या?" ती म्हणायची, "कुठेच नाही," आणि पाय उचलायची. मध्ये रमजान आला. डॉक्टरांना विचारून तिने गोळ्यांच्या वेळा बदलल्या आणि महिनाभर एकही भजं तळलं नाही. त्या महिन्यात बशीर इफ्तारीला बराच वेळ मशिदीत थांबायचा.

"भाकरी खाऊन कोणी बारीक होतं का, आपा?" रुपाने रस्त्यात टोमणा मारला.

"नसेल होत. तुमचं ब्लाऊज तयार आहे. आत दोन इंच कापड सोडलंय."

मे महिन्यात ती परत डॉक्टरांच्या चालायच्या मशीनवर चढली. या वेळी नऊ मिनिटं चालली. वजन फक्त चार किलो उतरलं होतं, कमर अडीच इंच. डॉक्टरांनी आलेख दोनदा पाहिला. "आत्ता अँजिओग्राफी नको," ते म्हणाले. "गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत."

बाहेर काउंटरवरच्या मुलीने तिला छापील कागद दिला. ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह ऑइल.

"हे वर्षभर कोणी खाल्लं, बेटा?"

"असं कसं सांगणार, मावशी? आम्ही सगळ्यांनाच देतो."

"एकीचं तरी नाव सांग. मी तिचं माप घेते."

मुलगी हसली. सलीमा हसली नाही. तिने कागद परत काउंटरवर ठेवला, त्याच्यावर पेन ठेवलं, म्हणजे पंख्याने उडायला नको, आणि गोळ्यांची चिठ्ठी घेऊन मेडिकलच्या रांगेत उभी राहिली.