व्हर्नाच्या खड्ड्यासाठी बॅकहो

मर्टन लॅडने बायकोसाठी आयुष्यात काय काय आणलं म्हणाल, तर लग्नात एक घड्याळ, मग कित्येक वर्षं काही नाही, आणि शेवटी एक जुना बॅकहो. बॅकहो म्हणजे ट्रॅक्टरच्या पाठीला जोडायची, माती उपसणारी लोखंडी सोंड. तीही कशाला, तर बाईची कबर खणायला. हसू नका. मी हसले होते, आणि व्हर्नाने मला तिथल्या तिथे झापलं होतं.

मी डॉट, त्यांची शेजारीण. शाळेची बस चालवते आणि आमच्या टेकडीवरच्या दफनभूमीची कमिटीही चालवते. कमिटी म्हणजे मी आणि लाइल. लाइल खड्डे खणायचा, पण त्याची कंबर गेली. आता तो फक्त बैठकीला येतो आणि डुलक्या काढतो.

आमच्या व्हरमाँटमध्ये नोव्हेंबरात जमीन गोठते ती मे उजाडेपर्यंत. मधल्या काळात जो कोणी जाईल त्याला गावातल्या दगडी कोठीत ठेवायचं. लोखंडी दार, त्याला कुलूप, आत फळ्या. जमीन मऊ झाली की एकेकाला बाहेर काढून पुरायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. व्हर्नाला मात्र वाटायचं. सप्टेंबरात डॉक्टरांनी तिला सांगितलं, हृदय पार थकलंय, पुढचा वसंत बघाल की नाही सांगवत नाही. ती घरी आली, कोटसुद्धा न काढता खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मर्टन, मरायला माझी ना नाही. पण त्या कोठीत मी जाणार नाही. सगळा जन्म या घरात गारठले. मेल्यावर पुन्हा कुलपात गारठायचं?"

"मग काय करू म्हणतेस?"

"जमीन गोठायच्या आत माझा खड्डा खणून ठेव. वर फळ्या टाक, गवताच्या गासड्या टाक. मी गेले की गासड्या उचलायच्या आणि मला आत सोडायचं. एवढं सोपं आहे."

सोपं! मर्टनच्या घरात काही सोपं असतं का? त्याच्या पुतण्याकडे खोदायचं मोठं यंत्र होतं. तो म्हणाला, काका, मी फुकट खणून देतो, तासाभराचं काम. मर्टन म्हणाला, बायको माझी, खड्डा मी खणीन. शिवाय दफनभूमीच्या दगडी भिंतीचं फाटक हे एवढंसं. मोठं यंत्र आत जायचं नाही, आणि पणजोबांनी रचलेल्या भिंतीचा एक दगड हलवू देईल तर तो मर्टन कसला! त्याच्याकडे एक छोटा ट्रॅक्टर होता, नारिंगी, माझ्या पोरीच्या वयाचा. त्याला एक बॅकहो मिळाला की काम झालं. तोही हरणांच्या शिकारीचे दिवस सुरू व्हायच्या आत, कारण ते सुरू झाले की आमच्याकडची पुरुष जात रानात जाते ती भुकेने परत येईपर्यंत सापडत नाही.

मर्टनला लांबचं नीट दिसेना झालेलं, म्हणून गाडी मी चालवायची. मागे ट्रेलरवर ट्रॅक्टर. शेजारी व्हर्ना, मांडीवर सँडविचचा डबा. "माझ्या खड्ड्याचं आहे, मी नको यायला?" ती म्हणायची.

पहिला बॅकहो इतका चकचकीत की डोळे दिपावेत. नवा पिवळा रंग, अजून वास येत होता. विकणारा माणूस गावाबाहेरचा, भारी गोडबोल्या. मर्टनने सोंड जिथे डावी-उजवी वळते तिथे नखाने रंग खरवडला. खाली बोटभर लांबीची चीर, वर वेल्डिंगचं ओबडधोबड ठिगळ.

"वरून कीर्तन, आतून तमाशा," तो पुटपुटला. शिवाय ती सोंड नुसती ट्रॅक्टरच्या मागच्या दोन हातांवर टांगायची होती. तशी टांगली तर खणताना सगळा जोर ट्रॅक्टरच्या पाठीवर येतो आणि जुन्या ट्रॅक्टरचं ओतीव लोखंडी अंग मधोमध तडकतं. खालून पोटापर्यंत जाणारी पोलादी चौकट असली तरच जोर सगळीकडे वाटला जातो. हे मला का माहीत? कारण जाताना आणि येताना, दोन्ही वेळा, तो मला तेच सांगत होता.

दुसऱ्या बॅकहोला चौकट होती, पण तो म्हणजे नाकापेक्षा मोती जड. मोठ्या ट्रॅक्टरचा. मर्टन म्हणाला, बघू तरी लावून. लावला. सीटवर बसला आणि सोंड जरा मागे लांबवली मात्र, ट्रॅक्टरची पुढची दोन्ही चाकं हवेत! हा वर, टोपी घट्ट धरून, आभाळाकडे बघत बसलेला. विकणारा आ वासून उभा. मी किंचाळले. व्हर्नाने गाडीची काच खाली केली.

"मर्टन, खाली ये. सँडविच ओलं होतंय."

"येतोय."

"आणि येताना काही मोडू नकोस."

तिसरा बॅकहो हॉलिस पर्किन्सकडे होता, दरीपलीकडे, रस्ता संपतो तिथे. त्याच्याकडेही अस्साच नारिंगी ट्रॅक्टर होता. त्याचं इंजिन बसलं आणि बॅकहो गोठ्यामागे झुडपात पडून राहिला, चौकटीसकट. आता आमच्याकडची रीत अशी की वस्तू घ्यायला आलोय हे म्हणायचं नाही. आणि कशासाठी हवीय हे तर मेलं तरी सांगायचं नाही. गरज कळली की भाव गेला.

"इकडून चाललो होतो," मर्टन म्हणाला. रस्ता तिथे संपतो, तरी इकडून चालला होता म्हणे! ट्रेलरवर ट्रॅक्टर घेऊन!

"हं," हॉलिस म्हणाला. लांबोडका, हाडकुळा माणूस, बोलणं मोजकं.

मग हवेच्या गप्पा झाल्या, गवताच्या झाल्या, पुन्हा हवेच्या झाल्या. बोलता बोलता दोघे सहज चालत असल्यासारखे गोठ्यामागे पोचले. मर्टनने सोंडेचं टोक धरून गदागदा हलवलं. सांध्यांच्या पिना झिजलेल्या, खडखडाट झाला. त्याने तोंड वाकडं केलं. मग सोंड उचलणाऱ्या सिलिंडरच्या दांड्यावरून बोट फिरवलं, तेल गळतंय का पाहिलं. कोरडं. त्याने तोंड आणखी वाकडं केलं, तेव्हाच मी ओळखलं की याला पसंत पडलाय.

"अंगण सुशोभित करायचं असेल तर कामाचा आहे," मर्टन म्हणाला. "फुलं लावता येतील त्यात."

"तळं खणताय म्हणे पोहायचं," हॉलिस म्हणाला.

"कोण म्हणालं?"

"दुकानात म्हणत होते."

तेवढ्यात व्हर्ना गाडीतून उतरून धापा टाकत आली. "डोंबलाचं तळं! माझी कबर खणायचीय, हॉलिस. हिवाळ्यात मी टिकायची नाही आणि मला कोठीत जायचं नाही. आता लवकर उरका, मला थंडी वाजतेय."

झालं! मर्टनने डोळे मिटून घेतले. हॉलिसने टोपी काढली. मग म्हणाला, "घेऊन जा."

"काय घेणार बोल."

"काही नको. घेऊन जा."

"फुकट? मी काय भीक मागायला आलोय?"

आणि मग माझ्या डोळ्यांदेखत उलटा सौदा सुरू झाला. विकणारा खाली खेचतोय, घेणारा वर चढवतोय! मर्टन म्हणाला, वर्षभराचं जळाऊ लाकूड देतो. हॉलिस म्हणाला, माझ्या पिना झिजल्यात, लाज वाटते काही घ्यायला. मर्टन चिडला, म्हणाला, पिना उत्तम आहेत, खबरदार नावं ठेवशील तर! दोघे लालबुंद. शेवटी व्हर्नानेच निवाडा केला. मर्टनची मेपलचा रस आटवायची मोठी कढई हॉलिसला जाईल, बॅकहो आमच्याकडे येईल, आणि यापुढे जो बोलेल तो गाढव. कुणी बोललं नाही.

घरी आणून बसवला. चौकट अशी बसली की जणू मापानेच शिवली होती. मर्टनने सगळं मोजलं होतं, बोल्ट, तेलाचे पाइप, वजन, सगळं. एक गोष्ट सोडून. सोंडेच्या दोन्ही अंगांना टेकू द्यायचे पाय असतात, ते वर दुमडले तरी ट्रॅक्टरच्या बाहेर येतात. फाटकाशी गेला आणि अडकला. इंच न इंच ट्रॅक्टर मोजलेला, फाटक बघून ठेवलेलं, पण दोन्ही एकत्र बघायचं म्हाताऱ्याच्या डोक्यातच आलं नाही. कप्पाळ!

"पाय काढ," मी म्हणाले.

"पाय काढून खणलं तर ट्रॅक्टर उलटेल, पोरी." अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला पोरी म्हणणारा जगात तो एकटाच.

मग त्याने ट्रॅक्टर भिंतीबाहेरूनच, आपल्या गवताच्या रानातून, पाठमोरा लावला आणि सोंड भिंतीवरून आत घातली. जिथवर पोचली तिथे खणायला लागला. लॅड मंडळींच्या कबरींची रांग तिकडे मधोमध, आणि व्हर्नाचा खड्डा पार कोपऱ्यात. मर्टन ओशाळला. "तुला माझ्या आईशेजारी जागा ठेवली होती गं. तिथवर पोचत नाहीये."

घडीच्या खुर्चीवर ब्लँकेट लपेटून बसलेली व्हर्ना इतकी हसली की मला वाटलं तिथेच जाते की काय. "देव पावला!" ती म्हणाली. "अरे, मी चर्चमध्ये उगाच नाही जात इतकी वर्षं."

खड्डा देखणा झाला. कडा सरळ, तळ सपाट. व्हर्नाने पडदे निवडावेत तसा तो चारी बाजूंनी न्याहाळला आणि एक कोपरा परत साफ करायला लावला. फळ्या पडल्या, गासड्या रचल्या, वरून ताडपत्री. पहिला बर्फ पडला त्या रात्री, मर्टन सांगायचा, ती गाढ झोपली, कित्येक महिन्यांत झोपली नव्हती तशी.

जानेवारीत हॉलिस पर्किन्स गेला. छपरावरचा बर्फ लोटताना छातीत कळ आली, खाली येईपर्यंत संपला होता. मी कोठीची किल्ली घेऊन निघाले होते, तेवढ्यात त्याची बायको बी हिचा फोन आला. रडत नव्हती, पण आवाज फाटलेला. "डॉट, त्याला बंद जागा सोसत नाही गं. जानेवारीतही खिडकी उघडी ठेवून झोपायचा. कोठीत कसा ठेवू त्याला?"

वाटेत मी व्हर्नाच्याच स्वयंपाकघरात थांबले होते. फोन खाली ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. व्हर्ना चहा ढवळत होती.

"माझा खड्डा दे त्याला," ती म्हणाली.

मर्टन उठून उभा राहिला. मी त्याला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "अगं, तुझा आहे तो! शब्द दिलाय मी तुला! आणि तू गेलीस तर?"

"मग जात नाही. मेपर्यंत थांबते. मला काय, घाई थोडीच आहे?"

"हे काय तुझ्या हातात आहे?"

"खाली बस, मर्टन. त्याच्याच सोंडेने खणलाय. माणूस बाहेर आणि आपण गासड्या राखत बसायचं? शोभतं का?"

टेकडीवरच्या सगळ्या घरांनी फावडी घेऊन रस्ता मोकळा केला. मर्टनने स्वतः गासड्या उचलल्या. हॉलिसला आत सोडताना बीने व्हर्नाचा हात धरला होता, आणि व्हर्ना तिला म्हणत होती की तळ सपाट आहे, मी स्वतः बघितलाय, काळजी करू नकोस.

व्हर्ना मेपर्यंत थांबली नाही. मार्चमध्ये, दुपारी, यंदा बागेत वाटाणा लावायचा की घेवडा यावर मर्टनशी भांडता भांडता गेली. भांडण ती जिंकत होती. बाहेर जमीन दगडासारखी होती. मर्टनने बॅकहो लावून पाहिला, दोनदा पाहिला. सोंडेच्या टोकाच्या बकेटचे दात नुसते करकरले, एक तर तुटून उडाला. शेवटी त्याने इंजिन बंद केलं.

मी कोठीचं कुलूप काढलं. शवपेटी फळीवर ठेवली. आणि बघते तर मर्टन दारात उभा, एका हातात विजेवर गरम होणारं ब्लँकेट, दुसऱ्या हातात नारिंगी वायरचं भलंमोठं भेंडोळं. गावातले अंत्यविधी पार पाडणारा क्लाइड गडबडून गेला.

"मर्टन, अरे, थंड राहावं म्हणून तर इथे ठेवतात!"

"एकवर ठेवतो," मर्टन म्हणाला. "सगळ्यात कमी."

क्लाइड काही बोलणार तेवढ्यात मी त्याच्या पायावर पाय दिला. आम्ही ब्लँकेट पेटीवर नीट पसरलं, कडा खोचल्या. वायर लोखंडी दाराखालून बाहेर, अंगणातून पलीकडे, आगीचा बंब ठेवतात त्या घराच्या खिडकीत. गाव येता-जाता ती वायर ओलांडायचं. कुणी हसलं नाही, आणि आमचं गाव कशालाही हसतं. मर्टन रोज यायचा, वायरवरचा बर्फ हातमोज्याने झटकायचा, दाराशी जरा उभा राहायचा आणि जायचा.

ती वायर बंबाच्या घरात कुठेच जोडलेली नव्हती. पहिल्याच दिवशी बंबवाल्यांनी काढून ठेवली होती. बरोबरच होतं त्यांचं. सगळ्या गावाला माहीत होतं, एक मर्टन सोडून. मला ते सहन होईना. एप्रिलमध्ये एक दिवस मी बोलूनच टाकलं.

"मर्टन, ती वायर लावलेली नाहीये. पहिल्या दिवसापासून नाहीये."

त्याने वर बघितलं नाही. वायरवर अडकलेलं एक ओलं पान काढलं.

"माहीत आहे पोरी. खिडकीपाशी गेलं की दिसतं ते." मग दाराकडे बघून त्याने आवाज खाली आणला. "तिला सांगू नकोस."