दस्तीखालचा भाव

घर विकताना दलालाला किती टक्के द्यावेत, असं मला आजकाल लोक विचारतात. मी पूर्णेतलं घर विकलं, म्हणजे मला त्यातलं कळतं असा त्यांचा समज. मी म्हणते, बाबांनो, मला विचारू नका, माझं तोंड खराब होतं. तरी विचारतातच, आणि मग होतंच.

आमचे हे रेल्वेत पॉइंट्समन होते. पूर्णा जंक्शनला सगळी नोकरी केली, सांधे बदलायचे लोखंडी दांडे ओढून हात दगडासारखे झाले होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांवर ओरडत रिटायर झाले. दोघांच्या पगारातून तीन खोल्या बांधल्या. पुढं शुगरनं यांच्या किडन्या खाल्ल्या. आठवड्यातून तीनदा परभणीला डायलिसिस. चार तास मशीनला पडायचं आणि परत गाडीची वाट बघत फलाटाच्या बाकावर बसायचं. उठा म्हटलं की हे माझ्याकडं असं बघायचे की मला बोलवायचं नाही. डॉक्टर म्हणाले, दवाखान्याजवळ राहायला या, आणि जिना अजिबात नको.

दवाखान्यामागच्या गल्लीत तळमजल्यावर एक फ्लॅट होता. दारात रिक्षा, आत एक उंबरठा, बस. तो घ्यायचा तर आमच्या घराचे चौतीस लाख यायलाच पाहिजे होते. त्याच्या खाली आलं की तळमजला गेला, इतकं साधं होतं.

दलाल ताडकळसकडचा. आधी बैलबाजारात दलाली करायचा, बैल कमी झाले तसा प्लॉटात आणि घरांत घुसला. खिशात दोन मोबाइल, खांद्यावर टॉवेलएवढी दस्ती. दोन टक्के घेईन म्हणाला. मला मेलीला तेवढंच दिसलं.

"दोन टक्के कशाचे? घर आम्ही बांधलं, रंग आम्ही दिला. तुम्ही काय करणार, माणूस दारापर्यंत आणणार."

"बाई, गिऱ्हाईक आणायचं म्हंजे चपला झिजत्यात."

"चपला घेऊन देते. टक्के कमी करा."

दुसऱ्या दिवशी तो एक टक्क्यावर आला. मी बहिणीला फोन करून सांगितलं, कसा वठणीवर आणला बघ. वर्गात एखादं पोरगं बोलणी खाऊन मुकाट बसलं की मला लगेच संशय यायचा. हा इतक्या लवकर कसा खाली आला, असा संशय मात्र मला आला नाही. माझी अक्कल त्या दोन टक्क्यांतच अडकली होती.

आठ-दहा दिवसांनी त्यानं गिऱ्हाईक आणलं. तरणे नवरा-बायको, दोघंही शाळेत मास्तर. घर आवडलं. तीस लाख तर दोन्हीकडून कबूलच होते, वरचे किती एवढंच राहिलं होतं. आता हा दलाल तोंडानं विचारील की नाही? त्यानं खांद्यावरची दस्ती काढली आणि यांच्या हातावर टाकली. बैलबाजारात असंच करतात. कापडाखाली हात धरायचा, जितकी बोटं दाबली तितका भाव, इथं एक बोट म्हणजे वरचा एक लाख, शेजारच्याला आकडा कळू द्यायचा नाही. एकदा 'झालं' म्हटलं की मागं फिरायचं नाही.

मी म्हणाले, "बैल विकायलोत का आपण? तोंडानं बोला की."

हे चक्क हसले. "बाजाराची रीत हाय. तुला न्हाई कळायची." लहानपणी वडिलांबरोबर बैलबाजार केलेला माणूस. किती महिन्यांनी ताठ बसलेले दिसले मला. म्हटलं, असू दे, तेवढंच जिवाला बरं. मी चहा टाकायला आत गेले. ती माझी चूक. जायला नको होतं.

आतून मला अर्धंमुर्धं दिसत होतं. यांच्या डाव्या हाताला डायलिसिसची पट्टी, म्हणून त्यानं उजवा धरला. बराच वेळ धरला. यांच्या तोंडाकडं बघितलं, परत धरला. मग म्हणाला, "बघा मालक, तुमच्या मनासारखं केलंय. झालं?"

"झालं," हे म्हणाले.

मग त्यानं त्या मास्तराचा हात धरला.

मंडळी गेल्यावर मी विचारलं, किती? हे म्हणाले, "आपल्याला पाहिजेत तेवढे." दुसऱ्या दिवशी इसार पावती आली, तिच्यावर बत्तीस. मी पावती यांच्यापुढं धरली. हे वाचत राहिले आणि म्हणाले, "हो. बत्तीसच ठरले होते."

मग मी काय काय बोलले ते सांगायची मला लाज वाटते. तरी सांगते. मी म्हणाले, दोन लाख सोडायला तुम्ही सावकार लागून गेलात का? वरची दोन बोटं मागायला जड झाली का तुम्हाला? त्या दिवसांत हे भाकरी मोडायचं सोडून चमच्यानं खायला लागले होते, शर्टाची बटणं मलाच लावायला सांगायचे. मी म्हणायचे, नखरे आलेत म्हाताऱ्याला. दोन लाखांचं घालून पाडून रोजच बोलायचे. तळमजला हातचा गेला. त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मिळालं, लिफ्ट नाही.

रजिस्ट्रीच्या दिवशी ऑफिसच्या व्हरांड्यात त्या मास्तराची बायको माझ्या शेजारी बसली. चांगली पोरगी. म्हणाली, "काकू, घर छान हाय, पण चौतीस म्हंजे आमचं कंबरडं मोडलं बघा."

"चौतीस कुठले? बत्तीस."

"कागदावर बत्तीस. वरचे दोन दलालांनी रोख नेले की, तुमच्यासाठी म्हणून. तुमीच तसं मागितलंय म्हणाले."

मी उठले आणि त्या दलालाची दस्ती धरली. सगळा व्हरांडा बघायला लागला. तो मात्र आवाज न चढवता बोलला, "बाई, दमानं घ्या. मालकाच्या हाताला मी दोन बोटं दिली. मालक झालं म्हणाले. त्याच्या वर आणले ती माझी हिकमत. खोटं वाटत असंल तर मालकाला इचारा."

हे बाकावर बसले होते. मी विचारलं, "किती बोटं होती?"

हे खाली बघून म्हणाले, "दोनच होती."

पुढं बोलणार तेवढ्यात आमचा पुकारा झाला. आत ऑपरेटरनं यांना खुर्चीत बसवलं, कॅमेऱ्यात बघा म्हणाला, आणि अंगठा मशीनवर दाबा म्हणाला. यांनी कॅमेऱ्यात बघितलं.

"काका, दाबा."

"दाबलाय."

अंगठा काचेच्या वर अधांतरी होता. मला स्पष्ट दिसत होतं. ऑपरेटर परत म्हणाला, हे परत म्हणाले, "दाबलाय की." आणि कुणी न सांगता तो दलाल पुढं झाला, यांचा अंगठा धरून काचेवर टेकवला आणि ऑपरेटरला हळूच म्हणाला, "बघितल्याबिगर कळत न्हाई त्यांना."

दस्तीखाली यांना काहीच दिसलं नव्हतं आणि काहीच लागलं नव्हतं. दोन बोटं का चार, हे यांना कळलंच नव्हतं. आणि या दलालाला ते पहिल्यांदा हात धरला तेव्हाच कळलं होतं.

घर दोघांच्या नावावर, माझी सही राहिली होती. मला तिथंच सगळं थांबवता आलं असतं. पण भांडायचं म्हणजे त्या पोरीपुढं, ऑपरेटरपुढं, दारात उभ्या गर्दीपुढं ओरडून सांगायचं की माझ्या नवऱ्याचा हात मेलाय. हे माझ्याकडं बघत होते. गाडी अंगाला घासून गेली तरी न हललेला माणूस, पण त्या वेळी भ्यालेला होता. दलाल भिंतीला टेकून मोबाइल बघत होता. मी बोलणार नाही हे त्या हरामखोराला पक्कं माहीत होतं. मी सही केली.

बाहेर आल्यावर त्यानं त्याचा एक टक्का मागितला, आणि मी दिला. नोटा घडी घालताना म्हणाला, "लय वाजवी घेतलेत बाई." त्याचं वाटोळं होवो, असं मी तेव्हा मनात म्हणाले, आणि आजही म्हणते. मला त्यात काही पाप वाटत नाही.

आता डायलिसिसच्या दिवशी आम्ही दोन मजले उतरतो. हे कठड्यावरच्या हाताकडं बघत उतरतात, नजर हलली की हात सुटतो. मी खालच्या पायरीवर उलटी उभी राहून यांचं मनगट धरते. त्या माणसाला एकदा हात धरून कळलं ते मला रोज ताट वाढून कळलं नव्हतं.