छताची तब्येत

भांडण वहिनींनी आतल्या खोलीतून ऐकलं. मुद्दाम कान लावून नव्हे. भिंतच अशी होती की पलीकडची शिंक आपल्याच नाकातून आल्यासारखी वाटे. बाहेर त्यांचे यजमान आणि धाकटे दीर. दोघे एकाच कोळशाच्या खाणीत. यजमान जुन्या चालीचे, पहारीनं छत ठोकून पाहणारे. दिराच्या हाती नुकतंच कोळसा कापायचं मशीन आलेलं.

"अरे, तासातासानं ते धूड बंद कर आणि छत ठोक. ठण्ण वाजलं तर ठीक. ढब्ब वाजलं तर पाठीला पाय लावून पळ."

"दादा, मी कोळसा कापू की छताची तब्येत विचारत बसू?"

"विचार. ते आजारी पडलं की आपल्याला पोटाखाली घेऊन झोपतं."

"तुमचे कान थकलेत, म्हणून मशीनला नावं ठेवता."

आठच दिवसांत शेजारच्या बोगद्याचं छत बसलं. दादा आत राहिले. त्यांनी हाकेसाठी ठोकलंही असेल, पण अलीकडच्या बोगद्यात दिराचं मशीन गरजत होतं. बोगदा भिंत घालून बंद केला, दादांसकट.

तेव्हापासून दीर तासातासाला मशीन बंद करून पहारीचे तीन ठोके देत. भिंतीपलीकडून तीन ठोके परत येत. बाकीचे म्हणत, आवाज घुमतो. दीर वाद घालत नसत. संध्याकाळी घरी जाताना वहिनींच्या दारावरही तीन ठोके.

"ठीक आहे, वहिनी."

"कोण, तुम्ही की ते?"

"दोघं."

वीस वर्षं यात खंड नाही.

मग एका दुपारी मुकादम दारात उभा राहिला, डोक्यावरचा दिवाही न काढता. "आज पलीकडून उत्तर आलं नाही, वहिनी. भाऊंनी आम्हा सहा जणांना बाहेर हाकललं. स्वतः मागे फिरले. म्हणाले, दादाला एकदा परत विचारून येतो." त्यानं आता दिवा काढला. "छत बसलं." वहिनींनी त्याला पाणी दिलं.

संध्याकाळी, नेहमीच्या वेळेला, दारावर तीन ठोके पडले. पत्र्याचं दार ते. वीस वर्षं ठण्ण वाजत आलेलं. आज वाजलं ढब्ब, ढब्ब, ढब्ब.

वहिनी उठल्या नाहीत. हातातल्या लुगड्याची घडी तेवढी पुरी केली.

"ऐकलं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "आता भांडू नका दोघं."