नुसती काच

वच्छी गेली ती सकाळी. मी गॅसवर दूध ठेवलं होतं आणि फोन वाजला. जानकीचा होता. जानकी ही वच्छीच्या हाताखाली शिकलेली मुलगी. शेवटचे दिवस आम्ही दोघी आळीपाळीने दवाखान्यात बसत होतो. "पाट्टी…" एवढंच म्हणाली आणि थांबली. इकडे आजीला पाट्टी म्हणतात. मी विचारलं, "गेली का?" ती म्हणाली, "हो." मी गॅस बंद केला, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि ऑटो बघायला बाहेर पडले. रडले की नाही, ते लिहायला हा कागद नाही.

त्याला आता सात आठवडे झाले. भेटायला येणारे सांगतात, ती देवी होती. देवीबिवी काही नव्हती. माझी धाकटी बहीण वत्सला, म्हणजे आमची वच्छी, चिडकी होती, शेजारची भांडी परत करत नसे, आणि तिच्याइतकी वाईट कॉफी सबंध तंजावरात कोणी करत नसेल. तंजावरात वाईट कॉफी करणं सोपं नाही. पण तिने जे काम केलं ते फार थोड्यांना जमतं, आणि ते मराठीत कोणी लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहिते. मी पाचवीपर्यंत शिकले, तीही तमिळ शाळेत. मराठी अक्षरं वडिलांनी घरी पाटीवर गिरवून घेतली. काही चुकलं तर छापणाऱ्यांनी सुधारून घ्यावं.

आमची आई गेली तेव्हा मी पाचवीत होते आणि वच्छी दीड वर्षाची. वडील सकाळच्या बसने ओरत्तनाडूला सरकारी कचेरीत जात, ते दिवेलागणीला येत. मूल कोणी बघायचं? माझी शाळा सुटली. त्याचं मला दुःख नव्हतं, शाळा मला आवडत नसे. वच्छीला मात्र फार आवडे. तिसरीत गेल्यावर तिचे सगळे हिशेब चुकायला लागले. मास्तर म्हणाले, पोरगी मंद आहे. मला ते पटेना, कारण घरात मी पातेल्यात किती भात उरलाय ते तिच्यापासून लपवू शकत नसे. एकदा तिला मोठ्या देवळासमोर उभी केली आणि विचारलं, "गोपुराच्या टोकावर काय बसलंय, दिसतं का?" म्हणाली, "दिसतं." "काय बसलंय?" गप्प. "अगे, दिसतं ना?" "दिसतं, अक्का." पोपट होते, चांगला थवा होता. मग कळलं की शाळेत मास्तर विचारत, फळा दिसतो का, आणि ही दिसतो म्हणून सांगे आणि शेजारणीच्या पाटीवरून उतरवून घेई. त्यात शेजारणीच्या चुकासुद्धा उतरत.

वडिलांनी तिला चष्म्याच्या दुकानात नेलं. मी बरोबर होते. त्या माणसाने तिच्या नाकावर एक जड गोल चौकट चढवली आणि तिच्यात एकेक भिंग घालून विचारायला लागला, हे बरं की ते बरं, आता बरं का, आता? वच्छी प्रत्येकाला मान हलवे. चष्मा आला. वर्षभर तिचं कपाळ दुखलं. शेवटी माझ्याकडून दोन धपाटे खाल्ल्यावर तिने सांगितलं, चष्म्यातून नीट दिसत नाही. "मग त्याला हो का म्हणालीस?" तर म्हणते, "तो बिचारा घामाघूम झाला होता, अक्का. किती काचा बदलल्या त्याने. नाही कसं म्हणायचं?"

हे मी विसरले नाही, आणि ती तर मुळीच विसरली नाही.

पुढे ती मद्रासला राहून दृष्टी तपासायचं शिकली. लोक तिला डॉक्टरम्मा म्हणत, तर ती प्रत्येकाला थांबवून सांगे, मी ऑपरेशन करणारी नव्हे, मी नजर मोजणारी. परत येऊन इथल्याच एका डोळ्यांच्या दवाखान्यात लागली. रविवारी कावेरीकाठच्या गावांतून शिबिरं असत, तिथे चष्मे वाटत. सहा महिन्यांनी ती त्याच गावांत पुन्हा जाई, न बोलावता. घरोघर बसे आणि चष्मा बघू म्हणे. चष्मा देव्हाऱ्यात, चष्मा तांदळाच्या डब्यात, एका घरात तर चष्म्याला कुंकू लावलेलं. डोळ्यांवर कुठेच नाही. एका गावात मोगऱ्याचे गजरे करणारी पाप्पम्मा नावाची बाई होती. तिला वच्छीने विचारलं, चष्म्यातून कसं दिसतं? ती म्हणाली, "परवायिल्ले." म्हणजे ठीक आहे, चालेल. आमच्याकडे जेवण खारट झालं तरी परवायिल्ले, जावई दारुडा निघाला तरी परवायिल्ले. आणि असं म्हणत पाप्पम्मा चष्मा कपाळावर सरकवून, कळ्या बोटांनी चाचपत गुंफत होती. वच्छी त्या दिवशी घरी आली ती जेवलीच नाही. म्हणाली, "अक्का, हा नंबर मीच काढला होता. ती माझ्या प्रत्येक भिंगाला हो म्हणाली आणि मी ते लिहून घेत गेले."

"तू पण तशीच होतीस," मी म्हटलं. "समोरच्याने मेहनत केली की जेवण चांगलं म्हणायचं, हे आपल्याला दुधाबरोबर पाजतात."

"तुला नाही पाजलं?"

"मला पाजायला कोण होतं? मी तर पाजणारी."

दुसऱ्या दिवशी तिने दवाखान्यातून ती चौकट आणि भिंगांची पेटी घरी आणली. मला खिडकीशी बसवलं, समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता. हे बरं की ते, असं बराच वेळ चाललं. मग तिने एक काच घातली आणि मोठ्या उत्साहाने विचारलं, "आता? आता स्पष्ट झालं ना?" मी म्हटलं, "दोन्ही सारखंच. उगीच टकटक करू नको, मला इडलीचं वाटायचंय." वच्छी अशी हसायला लागली की मला वाटलं हिला उचकी लागणार. ती काच नुसती काच होती. तिला नंबरच नव्हता. प्रत्येक पेटीत अशी एखादी असते म्हणे. मग तिने शेजारपाजारचे सगळे बसवले. पोस्टमन, दूधवाला, समोरच्या मामी. नुसती काच घातली आणि विचारलं, आता? सगळ्यांना आता फार छान दिसत होतं. मामींना तर वाटलं आपलं वय उतरलं.

ह्यावरच तिने पुढे संशोधन केलं. माणूस डोळ्यांनी काय बघतो हे पुष्कळांनी मोजलंय. तपासणाऱ्याला बरं वाटावं म्हणून तो काय सांगतो, हे मोजायला हवं, असं तिचं म्हणणं. वरचे लोक हसले. त्यांच्यातल्या एका मोठ्या सरांनी तोंडावर सांगितलं, "तू आपल्या गरीब रोग्यांना फसवणार आणि त्याचा प्रबंध लिहिणार?" घरी येऊन तिने चप्पल भिंतीवर फेकली. मी म्हटलं, सरांचं बरोबर आहे. ती माझ्याकडे असं बघायला लागली की आता दुसरी चप्पल माझ्यावर येणार. मी म्हटलं, "फसवतेस तर तिथल्या तिथे सांगून टाक. लपवलं तर ते फसवणं. सांगितलं तर ती थट्टा."

तेवढंच मी बोलले. बाकीचं सगळं तिचं. तिने रीत अशी बसवली की आधी नुसती काच घालायची. माणूस म्हणाला छान, की काच काढून त्याच्या हातात द्यायची: बघा, यात काही नाही, मी तुम्हाला बनवलं. आता तुमची पाळी. आता जे भिंग वाईट असेल ते मला सांगा, नाहीतर माझी फजिती होईल. लोक हसत, आणि हसल्यावर खरं बोलत. नुसत्या तक्त्यावर ती थांबत नसे. बाईला कळ्या गुंफायला लावी, तांदळातले खडे निवडायला लावी, आणि तिचा हात डोळ्यांपासून किती लांब राहतो ते टेपने मोजी. पाप्पम्माने काच हातात उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, "डॉक्टरम्मा, मग तुमचा तो पहिला चष्मासुद्धा भंगार होता." वच्छीने हे वाक्य वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं. नवा चष्मा पाप्पम्माने शेवटपर्यंत वापरला. मी स्वतः बघितलाय, दांडीला दोरा बांधलेला.

प्रबंधाला वर्षं लागली. त्यात माणसांची नावं घालायची नसतात, आकडे घालतात. मी एक नंबर. पुस्तक इंग्रजीत आहे, मला वाचता येत नाही, पण एक हा आकडा येतो.

आता एक गोष्ट लिहायची राहिली, ती माझ्या नावडीची आहे. प्रबंध संपत आला होता त्या वर्षी मला उंबऱ्याची ठेच लागायला लागली. रांगोळीच्या पिठाचा डबा पायाने दोनदा लवंडला. वच्छी म्हणाली, "अक्का, खालचं दिसत नाही का तुला?" मी म्हटलं, डबा तू वाटेत ठेवतेस. तिने काही ऐकलं नाही, ओढतच दवाखान्यात नेलं. तिथे एक पांढऱ्या मोठ्या वाडग्यासारखं यंत्र असतं. आत हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं. कडेला कुठेतरी बारीक उजेड चमकतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं. एवढंच. पण मला बराच बराच वेळ काही दिसेना. यंत्राचा टक असा आवाज येई आणि उजेड मात्र नसे. मला वाटलं, हे कळलं तर वच्छी काम टाकून माझा हात धरून घरात बसेल. तेवढी ती हट्टी होतीच. आणि सगळं संपत आलेलं… मी आवाजावर दाबायला लागले. टक झालं की दाब. टक, दाब.

कागद बाहेर आला. वच्छीने तो बघितला, मग माझ्याकडे बघितलं. मला माहीत नव्हतं की ते यंत्र मधूनमधून मुद्दाम नुसतंच टक करतं, उजेड न दाखवता. खोटं दाबणारा पकडायला. म्हणजे वच्छीची नुसती काचच, विजेवर चालणारी.

"तू खोटं दाबलंस," ती म्हणाली.

मी बटण टेबलावर ठेवलं.

"सगळ्या तंजावरात एक माणूस मला खरं सांगतं, असं मी छातीठोक सांगत आले. आणि तूच? का?"

"तुझं पुस्तक राहील म्हणून."

"तुझे डोळे घालवून पुस्तक करू मी?" तिथे तिचे विद्यार्थी उभे होते. सगळ्यांसमोर ती मला ओरडली, नऊ वर्षांनी मोठ्या बहिणीला. "बस परत. दिसलं तरच दाब. नाही दिसलं तर हात मांडीवर ठेव. मी इथेच बसलेय."

ती स्टूल ओढून माझ्या खांद्याशी बसली. मी परत केलं. दुसरा कागद खालच्या बाजूला काळा आला. काचबिंदू. गेली ती नजर परत येत नाही, उरलेली राखता येते, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ थेंब, आणि दर सहा महिन्यांनी तो वाडगा. दर वेळी स्टुलावर वच्छी. तिने कामही सोडलं नाही आणि मलाही सोडलं नाही. तिचा प्रबंध झाला, ती खरीच डॉक्टर झाली, आणि मी आजही सुईत दोरा ओवते.

शेवटी वच्छीला पोटाचा आजार निघाला तो उशिरा. दवाखान्यात येणारा प्रत्येकजण तिला सांगे, आज चेहरा बरा दिसतोय. ती सगळ्यांना मान हलवी. सगळे गेल्यावर एका दुपारी मला जवळ बोलावून म्हणाली, "तू सांग, अक्का. काल आणि आज?"

मी तिच्याकडे नीट बघितलं. म्हटलं, "दोन्ही सारखंच."

तिला हसू आलं. फार नाही, तेवढी ताकद नव्हती. म्हणाली, "एक नंबर." मग पाणी मागितलं.

मागच्या मंगळवारी माझी तपासणीची पाळी होती. जायचं मनात नव्हतं. जानकी न्यायला आली. दवाखान्यातल्या वच्छीच्या खोलीत तिचं स्टूल होतं तिथेच होतं, भिंगांची पेटी उघडी होती, एक खण रिकामा. जानकीने बाजूला काढलेली नुसती काच माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "पाट्टी, ही मॅडमनी तुमच्यासाठी ठेवायला सांगितली होती. पेटीत मी दुसरी घालीन." मी ती पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि वाडग्यात हनुवटी टेकवली. खांद्याशी कोणी नव्हतं. यंत्र टक करायला लागलं. कधी उजेड आला, कधी नाही. नाही आला तेव्हा मी हात मांडीवर ठेवला. फार वेळ मांडीवर ठेवावा लागला, तरी ठेवला.

कागद आला. काळा भाग मागच्या वेळेएवढाच होता, वाढला नव्हता. जानकीने कोपऱ्यातल्या आकड्यावर बोट ठेवलं, खोट्या दाबण्याचा आकडा असतो तो.

"पाट्टी, शून्य," ती म्हणाली.

तेवढा आकडा मला वाचता येतो. मी कागदाची घडी घातली, आणि जायच्या आधी स्टूल टेबलाखाली सरकवलं. वच्छी ते नेहमी वाटेत ठेवत असे.