डोनाच्या शब्दांच्या जोड्या

पडद्यावर डोनाचं नाव एकाखाली एक अकरा वेळा उमटलं, तेव्हा कॉन्फरन्स रूममध्ये चौदा माणसं होती. त्यातल्या तेरा जणांना काय घडलं ते कळलं होतं. चौदावा मी. माउसवर बोट ठेवून, कौतुकाची वाट बघत उभा.

गोष्ट २००४ सालची, अमेरिकेतल्या पार्सिपनीतली. आमची कंपनी दुसऱ्या कंपन्यांची गिऱ्हाइकं सांभाळायची. कुणाचा प्रिंटर बिघडला, कुणाचं पार्सल हरवलं, की तक्रारीची ईमेल आमच्याकडे यायची आणि आमची माणसं तिला उत्तर द्यायची. यातलं काही काम पुण्याला न्यायचं ठरत होतं. पुण्याच्या मुलामुलींचं व्याकरण चोख होतं, इथल्या कित्येकांपेक्षा बरं. अडचण वेगळी होती. त्यांची विशेषणं भलत्याच नामांच्या शेजारी जाऊन बसायची.

आपल्या मराठीतच बघा. चहा कडक, ऊन कडक, शिस्तही कडक. झोप मात्र गाढ. ‘काल कडक झोप लागली’ म्हटलंत तर अर्थ कळेल, पण ऐकणारा तुमच्याकडे एकदा निरखून बघेल. इंग्रजीचंही तेच. कॉफी स्ट्राँग, ट्रॅफिक हेवी, ताप हाय, सर्दी बॅड. अशा ठरलेल्या जोडीला आमच्या धंद्यात कॉलोकेशन म्हणतात. त्याला नियम नसतो, नुसती सवय असते. लिहिणाऱ्याने नाम टाइप केलं की त्याच्या शेजारी कोणती विशेषणं शोभतात ते सुचवणारा प्रोग्रॅम लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं.

त्यात एकच छोटीशी गैरसोय होती. मलाही ते माहीत नव्हतं. ‘स्ट्राँग ट्रॅफिकमुळे मीटिंगला उशीर होतोय’ असं मी वर्षभर लोकांना कळवत होतो आणि कुणी काही बोललं नाही म्हणून खुशीत होतो.

बोलली ती डोना. पलीकडच्या क्यूबिकलमध्ये बसायची. वीस वर्षं तक्रारींना उत्तरं देत होती. तिची ईमेल वाचून चिडलेलं गिऱ्हाईक उलट थँक्यू लिहायचं. वयाने माझ्या मावशीएवढी, पण अमेरिकेत अहो-जाहोची सोय नाही, म्हणून नुसती डोना.

“ट्रॅफिक स्ट्राँग का नाही, डोना?”

“कारण ते हेवी असतं.”

“पण का?”

“सूहॅस, हनी, कॉफी घे. ती स्ट्राँग आहे.”

तेव्हाच मी ठरवलं, जोड्या स्वतःच्या डोक्यातून काढायच्या नाहीत. जातिवंत अमेरिकन माणसाच्या लिखाणातून मोजून काढायच्या. मी डोनाकडे तिच्या सगळ्या मेल्स मागितल्या.

“सगळ्या?” ती म्हणाली. “मी मैत्रिणींनाही लिहिते बरं का.”

“प्रोग्रॅम फक्त मोजतो. वाचत नाही.”

“आणि नावं?”

“नावं काढून टाकतो.”

“प्रॉमिस?”

“प्रॉमिस.”

तिने सगळा मेलबॉक्स मला कॉपी करून दिला. आणि मी नावं काढलीही. गिऱ्हाइकांची. सेंडरचा, म्हणजे मेल कुणी पाठवली तो कॉलम तेवढा ठेवला, कारण प्रोग्रॅममध्ये काही चुकलं तर शोधायला बरं पडतं. नंतर काढू म्हटलं. या ‘नंतर’वर माझी अर्धी कारकीर्द उभी आहे.

डेमोच्या दिवशी सकाळी आमच्या टीममधला मिलिंद, नागपूरचा, माझ्या खांद्यावरून डोकावला.

“सेंडरचा कॉलम काढ ना यार.”

“कोण बघतंय?”

“तू दाखवशील.”

“मी काय वेडा आहे?”

यावर मिलिंद आपला कप उचलून जागेवर गेला. मी तो होकार धरायला हवा होता.

डेमोला क्लायंटची माणसं होती आणि मध्यभागी ग्रेग. ग्रेग म्हणजे सपोर्ट विभागाचा प्रमुख. मी ‘कॉफी’ टाइप केलं, ‘स्ट्राँग’ आलं. ‘ट्रॅफिक’ टाइप केलं, ‘हेवी’ आलं. लोक माना डोलवायला लागले. मला चढली. म्हटलं, तुम्ही सुचवा एखादा शब्द. क्लायंटच्या एक बाई म्हणाल्या, “मॅनेजर टाका ना.”

टाकला. जनरल, असिस्टंट, न्यू, आणि चौथ्या क्रमांकावर क्लूलेस, म्हणजे ज्याला कशाचाच पत्ता नसतो असा.

एकच हशा पिकला. ग्रेगही हसला. “क्लूलेस मॅनेजर! हे कुठल्या संदर्भात येतं?”

तोंडी परीक्षा देत देत इंजिनिअर झालेला माणूस मी. परीक्षकाने विचारलं आणि उत्तर येत असलं, तर थांबायचं असतं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. मी जोडीवर क्लिक केलं. ती ज्या वाक्यांत आली होती ती वाक्यं पडद्यावर ओळीने उभी राहिली. ‘आमच्या क्लूलेस मॅनेजरला आणखी एक मीटिंग हवी आहे.’ ‘आमच्या क्लूलेस मॅनेजरने सुट्ट्यांचा तक्ता पुन्हा हरवला.’

ग्रेगचं हसू जरा पातळ झालं. “कुणी लिहिलंय हे?”

“एक सेकंद,” मी म्हणालो. “तेही दिसतं.”

हे शब्द मी अभिमानाने उच्चारले, हे इथे नमूद करायला हवं.

मी सेंडरचा कॉलम उघडला आणि अकराही ओळींपुढे डोनाचं नाव आलं. त्या अकरा मेल्सच्या काळात तिला एकच मॅनेजर होता. ग्रेग शांतपणे म्हणाला, “थँक यू. पुढचं दाखव.” मी पुढचं दाखवलं. झक्क दाखवलं.

बाहेर आल्यावर मिलिंदने मला पाण्याच्या कूलरपाशी गाठलं. “तू गाढव आहेस का रे?”

“का? प्रोग्रॅममध्ये कुठे बग आला?”

“डोनाचा बॉस कोण आहे, सांग.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

मी सरळ डोनाकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, “किती निघाली?”

“अकरा.”

“अकराच? मला वाटलं होतं जास्त असतील.”

मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, “मार्चमध्ये बॉबच्या पाठीचं ऑपरेशन आहे. त्याचा इन्शुरन्स माझ्या नोकरीवर आहे, सूहॅस.” बॉब म्हणजे तिचा नवरा. छपरं घालायचं काम करायचा, त्यातच पाठ गेली होती.

मी ग्रेगच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, चूक माझी आहे. तिने नावं काढायच्या अटीवर मेल्स दिल्या होत्या. त्या खासगी होत्या, तुमच्या डोळ्यांसाठी नव्हत्या.

“अरे, मी ते विसरलोसुद्धा,” ग्रेग म्हणाला. “डेमो ग्रेट झाला.”

फेब्रुवारीत काम पुण्याला गेलं आणि इथल्या कुणाकुणाला सोडायचं त्याची यादी लागली. डोनाच्या गटातले तिघं राहिले. तिघंही तिच्यापेक्षा नवे. डोना गेली. त्या अकरा ओळींमुळेच गेली, असं मी सिद्ध करू शकत नाही. नाही, असंही करू शकत नाही. माझा प्रोग्रॅम उत्तम चालला. पुण्यातली मुलं डोनासारखं लिहायला लागली आणि मला प्रमोशन मिळालं.

बॉबचं ऑपरेशन पुढे गेलं. शरद ऋतूत डोनाला एका शाळेच्या ऑफिसात नोकरी लागली, तेव्हा ते झालं. मधले महिने त्याने कसे काढले, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

आमच्या ऑफिसातल्या तिच्या शेवटच्या दिवशी तिचं खोकं मी पार्किंग लॉटपर्यंत उचलून नेलं. डिकी लावताना ती म्हणाली, “ग्रेगने विचारलं, तेव्हा तू ‘माहीत नाही’ का म्हणाला नाहीस?”

“कारण मला माहीत होतं.”

तिने माझ्याकडे नीट बघितलं. रागाने नव्हे. एखाद्या चुकलेल्या वाक्याकडे बघायची तसं. मग गाडी काढून गेली.

हल्ली भर मीटिंगमध्ये ‘हे कुणी लिहिलंय?’ असं कुणी विचारलं, की मी ‘बघून सांगतो’ म्हणतो. बघण्यासारखं काही नसतं, तो कॉलम मी पहिल्याच दिवशी उडवलेला असतो. लोकांना वाटतं, माझी स्मरणशक्ती कमी झाली आहे. वाटू दे.