रविवारचे दात

दातांच्या दवाखान्यातल्या मागच्या खोलीत बसून ती एकोणतीस वर्षं कवळ्या बनवत होती. पुढे डॉक्टरीणबाई पेशंटच्या जबड्याचं माप घ्यायच्या, ते माप मधल्या खिडकीतून मागे यायचं आणि काही दिवसांनी त्याच खिडकीतून अख्खी बत्तिशी पुढे जायची. सगळे तिला कवळीवालीच म्हणत, आणि तिला ते आवडायचंही. कुणाची कवळी केसभर टोचली तरी ती परत मागवून घ्यायची. "दात तोंडात आहेत हेच माणूस विसरला पाहिजे," असं ती म्हणायची, आणि तिच्या हातचे दात घातलेली माणसं खरंच विसरायची.

एका बुधवारी डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातल्या सगळ्यांसाठी एका समुपदेशक बाईंना बोलावलं. कवळीवाली नाक मुरडतच जाऊन बसली. बाईंनी प्रत्येकाला एक जाड कागद दिला. "तुम्हाला सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात अशा तीन गोष्टी लिहा. फार विचार करू नका."

तिला विचार करावाच लागला नाही. वडील. चोख काम. खरं बोलणं.

"आता प्रत्येकीखाली लिहा, गेल्या आठवड्यात त्यासाठी तुम्ही नेमकं काय केलंत. वार आणि वेळ घालून."

कामाखाली जागा पुरेना. वडिलांखाली तिनं लिहिलं: रविवार, तीन ते साडेतीन. औषधांची डबी भरली. पंखा पुसला.

बाई फिरत फिरत तिच्यापाशी आल्या. त्यांनी वाचलं. "आणि तेव्हा वडील काय करत होते?"

"बसले होते."

"काय बोलत होते?"

तीन दिवसांपूर्वीची गोष्ट, पण एक वाक्य आठवेल तर शपथ. पंख्याच्या पात्यांवर किती धूळ होती ते मात्र लख्ख आठवत होतं.

"जेवणखाण ठीक आहे त्यांचं?"

"व्यवस्थित जेवतात."

"तुम्ही बघता?"

"अहो, वडील आहेत ते माझे!" तिचा आवाज एवढा चढला की सगळ्यांच्या माना वळल्या.

"म्हणून तर विचारलं," बाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती वडिलांकडे, अण्णांकडे निघाली. खरं सांगायचं तर त्या बाईंना खोटं पाडायलाच निघाली. अण्णा एक्याऐंशी वर्षांचे. उभा जन्म बस चालवलेला माणूस, आता दवाखान्यापासून सात थांब्यांवर, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटा. शेजारणीची ये-जा असल्यामुळे दार नुसतं लोटलेलं होतं.

ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पाठमोरे बसले होते. पुढ्यात वाडगा, वाडग्यात दुधात कुस्करलेला पाव. पावलांची चाहूल लागून त्यांनी मान वळवली, आणि क्षणभर तिला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच्याच घरात शिरलो.

गाल आत गेलेले. ओठ तोंडात ओढलेले. हनुवटी नाकाला भिडायला आलेली. नाकाखालचा चेहरा जणू कुणी काढूनच नेला होता. एकोणतीस वर्षं ती असेच चेहरे भरून काढत होती, आणि आपल्या बापाचा असा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता.

अण्णांनी चटकन तोंडावर हात धरला. "अगं चिमे! आज काय रविवार आहे?"

बावन्न वर्षांची चिमी दारात खांबासारखी उभी राहिली. फळीवर एका डबीत तिनंच केलेली कवळी होती, शेजारी हिरडीला चिकटवायच्या पेस्टची नळी. कवळी हातात घेताच बोटांना कळलं. दाढा झिजून सपाट झाल्या होत्या. अकरा वर्षांपूर्वीची कवळी! हिरड्या आकसतात, पाच-सहा वर्षांनी दाखवायला या, हे ती प्रत्येक पेशंटला बजावून सांगायची. अगदी प्रत्येकाला.

"तोंड उघडा."

आत दोन लालभडक फोड होते.

"किती दिवस झाले?"

"दोनेक वर्षं झाली असतील. तू यायच्या आधी घालतो. अर्धा तास निघतो कसाबसा."

तेवढ्यात शेजारीण कुस्करलेल्या बटाट्याचा वाडगा घेऊन आत आली. "अरे वा, ताई, आज कशा काय?" मग तिच्या हातातली कवळी बघून ती सहज म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. तुमचंच तर काम ना हे?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते आरपार गेलं.

"अण्णा, बोलला का नाहीत?"

"तू येतेस तेव्हा तुझा एक पाय दारातच असतो. त्यात कुठे रडगाणं लावू? आणि कवळी तू केलेली. टोचते म्हणून कसं सांगायचं तुला?" मग वातावरण हलकं करायला ते बोळकं पसरून हसले. "हत्तीचं कसं, दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. आपले खायचेच नाहीत, एवढंच!"

तिला हसू आलं नाही. निघताना ती दुसऱ्या मजल्यावरच्या पायरीवरच बसली. शंभरावर रविवार! त्यातल्या प्रत्येक रविवारी ती या माणसासमोर उभी राहिली होती, त्याच्या तोंडाकडे बघत बोलली होती. सदरा सैल झालेला तिला दिसला होता. धुऊन ताणला असेल, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

फोड बरे व्हायला दहा दिवस गेले. मग तिनं स्वतः माप घेतलं, मेणात दात लावून बघितले. अण्णांनी आरशात पाहून भुवया चढवल्या. "एवढे पांढरे? मला काय बोहल्यावर चढायचंय?" तिनं दोन छटा उतरवल्या.

तो कागद तिच्या पिशवीतच होता. त्याच्या मागच्या बाजूला तिनं लिहिलं: अण्णांची काळजी घेणं. आणि लगेच खोडलं. हे म्हणजे 'चांगली कवळी बनवणं' असं लिहून ठेवण्यासारखं. त्यानं एक दातही जागेवर बसत नाही. मग लिहिलं: मंगळवारी आणि गुरुवारी, एक वाजता, अण्णांच्या टेबलाशी बसून जेवायचं. त्यांच्या ताटाकडे बघायचं. मग कागद उलटून तिसरी गोष्ट, खरं बोलणं, तिनं पुन्हा वाचली. शेवटी लिहिलं: दर वेळी दोघांनी एकेक दुखरी गोष्ट सांगायची. 'बरं चाललंय' चालणार नाही.

डॉक्टरीणबाईंकडून तिनं दुपारची दीड तासाची सुट्टी मागून घेतली. त्याबदल्यात ती सकाळी लवकर यायला लागली.

पहिल्याच मंगळवारी अण्णांनी भाजीचा घास चावत शांतपणे सांगितलं, "न्हाणीघरात दोनदा पडलो मी."

"कधी?"

"एकदा थंडीत. एकदा गेल्या महिन्यात. तुझा नियम म्हणून सांगतोय हो, नाहीतर सांगितलं नसतं."

आठवड्याच्या आत तिथे भिंतीला धरायचा दांडा बसला. पण त्यानंतर अण्णा घसा खाकरू लागले, की तिचा घास हातातच थांबायचा.

ती स्वतः मात्र चतुराईनं वेळ मारून नेत होती: बसला गर्दी होती, चप्पल चावली. तिसऱ्या गुरुवारी अण्णांनी ताट बाजूला सारलं. "चिमे, मी पडलो ते सांगितलं, आणि तू मला चपलेच्या गोष्टी सांगतेस? तुझं काय दुखतंय?"

आणि जे तिनं स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं, ते तिच्या तोंडून निघून गेलं. "माझी बोटं बधिर होतात. सकाळी कवळी घासायचं मशीन धरलं की थरथरतात. सात-आठ महिने झाले. दोन कवळ्या परत आल्या, तर मी माप चुकलं म्हणून डॉक्टरीणबाईंवर ढकललं."

बोलून तिनं तोंडावर हात धरला. चोख काम. खरं बोलणं. कागदावर तिनंच लिहिलेले शब्द.

अण्णांनी तिच्या बोटांकडे बघितलं. मग म्हणाले, "मला सिग्नलचा रंग ओळखू आला नाही, तेव्हा मी बस बाजूला घेतली आणि त्याच दिवशी साहेबांना जाऊन सांगितलं. मागे चाळीस माणसं बसलेली होती. तू आज सांग. उद्या शब्द बदलतील."

ती त्याच दुपारी बोलली. डॉक्टरीणबाई पांढऱ्याफटक पडल्या. कवळीपेक्षा त्यांना ते ढकलणं जास्त लागलं, आणि पुढचे काही दिवस खिडकीतून मापं आली, शब्द आले नाहीत. तपासणीत निघालं ते असं: मशीनच्या कंपनानं बोटांच्या शिरा दुखावल्या होत्या. आता घासण्याचं काम बाहेर जातं. मेणात दात लावणं तेवढं तिच्याकडे आहे. बाहेरून आलेल्या कवळीवरची पॉलिश बघून ती आजही चरफडते.

सदरा आता अण्णांना बरोबर बसतो. जेवण मंगळवारी, गुरुवारी होतं. कधी चुकलंच तर ती कारण सांगते, आणि खरं सांगते. तरी अजून दुसऱ्या मजल्यावर पोचली की ती दाराशी थांबते. आज काय ऐकायला लागेल, कुणास ठाऊक. ती दार लोटते.